चिंटू कुणाचा, वेताळ कुणाचा

आमच्या नात्यागोत्यात पेपरातल्या चित्रपट्टीतला चिंटू आवडणारे आणि चिंटू न आवडणारे असे दोन तट आहेत, आणि ते आजचे नाहीत. मी पहिल्या तटातली. माझा निफाडचा मामेभाऊ, आमचा दादा, दुसऱ्या तटातला, किंबहुना त्या तटाचा म्होरक्याच. दिवाळीला, लग्नात, कुणाच्या बारशाला भेटलो की बोलणं फिरून फिरून तिथे येतंच. "त्या पोराला काम काय असतं गं?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग मी तावातावाने उत्तर देते, मामी चहा आणते, आणि विषय द्राक्षांच्या भावाकडे वळतो.

अलीकडे मात्र हा वाद जिंकण्यापेक्षा तो होतोच का, याचा विचार मी जास्त करते. दोघंही एकाच जिल्ह्यात वाढलो, मराठी शाळेत शिकलो. दोघांनाही वाचायचं वेड, भेळेचा कागदसुद्धा उलगडून वाचणारी आम्ही मुलं. तरी चार चौकटींचं एक चित्र मला रोज सकाळी हवं असायचं, आणि त्याला त्यात काही म्हणता काही सापडलं नाही. विनोदबुद्धी हे त्याचं कारण नाही. दादा हसवायला लागला की अख्खी पंगत जेवायची थांबते.

चिंटू पहिल्यांदा छापून आला २१ नोव्हेंबर १९९१ रोजी, 'सकाळ'मध्ये. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने तो उभा केला, चित्रं पंडितांची. मध्यमवर्गीय घरातला एक मुलगा, त्याचे आई-पप्पा, पप्पू, मिनी, बगळ्या, दांडगट राजू, चिमुरडा सोनू, शेजारच्या जोशीकाकू, सतीशदादा. शाळा, क्रिकेट, अभ्यासाची टाळाटाळ, उन्हाळ्याची सुट्टी. त्यात जगावेगळं काहीही घडत नाही. पुढे त्याची पुस्तकं निघाली, २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी सिनेमाही केला. पण माझा चिंटू वर्तमानपत्रातला, आणि तो मला वडिलांच्या आवाजात भेटला.

आम्ही नाशिकरोडला प्रेसच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. आप्पा नोटांच्या छापखान्यात होते. १९२८ सालापासूनचा हा छापखाना, आणि आमच्या अख्ख्या वसाहतीचं घड्याळ त्याच्या पाळ्यांवर चालायचं. आत काय केलं, कसं केलं, हे आप्पा घरी कधी बोलत नसत. कामाची शिस्तच तशी होती. ते रात्रपाळी करून आले की हातपाय धुऊन पाटावर बसायचे आणि पेपर घ्यायचे. तो अशा घड्या घालून धरायचे की समोर फक्त चिंटू उरायचा. आणि मोठ्याने वाचायचे. जोशीकाकूंना त्यांनी नाकातला आवाज दिला होता, बगळ्याला घोगरा. शेवटच्या चौकटीवर ते अंगठा ठेवायचे. तळहातापेक्षा काळसर पडलेला, शाईचा वास कधी पुरता न गेलेला तो अंगठा मला अजून दिसतो. "सांग, आता काय झालं असेल?" मी काहीतरी सांगायचे. मग अंगठा बाजूला व्हायचा. कधी माझं उत्तर बरोबर निघायचं. बहुतेकदा चौकटीतलं उत्तर माझ्यापेक्षा साधं असायचं, आणि त्या साधेपणाचंच हसू यायचं.

मला चिंटू का आवडला, याचं निम्मं उत्तर त्या अंगठ्यात आहे असं मी मानते. स्कॉट मॅक्क्लाउड या चित्रकाराने १९९३ साली कॉमिक्सबद्दल एक पुस्तकच कॉमिक्सच्या रूपात काढलं. दोन चौकटींच्या मधली जी पांढरी फट असते तिथे चित्रकार काहीच करत नाही, तिथलं सगळं वाचणारा करतो, असं तो सांगतो. पहिल्या चौकटीत मुलाने बॅट उगारलेली आहे, दुसऱ्या चौकटीत खिडकीत संतापलेल्या काकू आहेत. मधला चेंडू, काचेचा आवाज, पोरांची पळापळ हे कुणीही काढलेलं नाही. ते आपण घातलेलं असतं, आणि आपण तेच घालू शकतो जे आपल्यापाशी आधीपासून असतं. माझ्यापाशी क्वार्टर्सचं मैदान होतं, वरच्या मजल्यावरच्या खऱ्याखुऱ्या काकू होत्या, आणि वाट पाहायला लावणारे आप्पा होते. माझी फट कधी रिकामी राहिलीच नाही.

आता दादाकडे बघा. त्यांच्याकडे पेपर विकत येत नव्हता. यायची ती रद्दी, तीसुद्धा द्राक्षाच्या हंगामात, किलोवर घेतलेली. पेटीच्या तळाशी पेपर अंथरायचा, कडेने उभा करायचा, वर घड रचायचे. माल भरायच्या शेडमध्ये बसून पेपर फाडायचं काम पोरांकडे असे. दादाला चिंटू भेटला तो तिथे. आज ऑगस्टचा, उद्या मेचा. कधी आडवा फाटलेला, दोनच चौकटी शिल्लक राहिलेला. माणसं डोक्यावर उभी, व्यापाऱ्याची गाडी दारात, आणि पोराने वाचत बसायचं नाही अशी तंबी. चार चौकटींच्या गोष्टीतल्या दोनच हाताला लागल्या तर तिथे फट उरत नाही, खड्डा होतो. त्यात कुणी काय घालणार?

हल्ली निर्यातीच्या बागेत घडाघडाला पेपर गुंडाळतात, मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. गेल्या जानेवारीत दादाच्या बागेत गेले होते. वेलींखालून वाकून चालताना शेकडो घड बातम्या, निविदा, श्रद्धांजली आणि राशिभविष्य पांघरून लटकलेले. मी सवयीने चिंटू शोधत होते. दादाने एक कागद हळूच सोडवला, आतला घड उजेडात धरून पाहिला, आणि कागद पुन्हा जसाच्या तसा चढवला. त्यावर काय छापलंय हे त्याने पाहिलं नाही. त्याला घड पाहायचा होता. त्या क्षणी मला वाटलं, कागद वाचण्यासाठी असतो ही सवलत मला लहानपणी मिळाली, त्याला फार थोडी मिळाली.

पण एवढ्यावर भागत नाही, कारण मे महिन्यात तो आमच्याकडे राहायला यायचा तेव्हा मी कापून वहीत चिकटवलेले चिंटू त्याला वाचायला द्यायचे. सगळे अखंड, तारखांच्या ओळीने लावलेले. त्याने ते वाचले आणि वही परत दिली. "हा दिवसभर खेळतो," एवढंच म्हणाला.

इथे सगळे जण एक सोपं स्पष्टीकरण देतात. चिंटू शहरातला, सोसायटीतला. ज्याचं घर तसं त्याला तो आपला वाटतो, ज्याचं घर मळ्यात त्याला परका. पटण्यासारखं आहे, आणि मला ते अजिबात पुरेसं वाटत नाही. कारण याच दादाकडे वेताळाचे अंक होते. पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत, खताच्या गोणीच्या कापडात बांधून ठेवलेले. आफ्रिकेच्या जंगलात कवटीच्या आकाराच्या गुहेत राहणारा, जांभळा अंगरखा आणि डोळ्यांवर मुखवटा घातलेला गोरा माणूस. निफाडच्या मळ्यातल्या पोराला याच्यात आपलं घर कुठे दिसणार होतं?

वेताळ म्हणजे ली फॉक यांचा फँटम. १७ फेब्रुवारी १९३६ ला अमेरिकन वर्तमानपत्रात सुरू झालेला. आपल्याकडे तो १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून आला, मराठीतही आला, आणि १९९० ला इंद्रजाल बंद पडेपर्यंत त्याने दोन पिढ्या बांधून ठेवल्या. संपादकांनी त्याला आपल्या वाचकांसाठी थोडा धुतला-पुसलाही होता. मूळ कथेतल्या देशाचं बंगाला हे नाव बंगालची आठवण करून देणारं, म्हणून इथे त्याचं डेंकाली झालं. दादाने हे अंक पहिल्या हाताने घेतलेले नव्हते. रविवार कारंज्याकडे जुनी पुस्तकं मिळत, बाजारच्या दिवशी मामा नाशकात आले की एखाद-दुसरा घेऊन जात. पण अंक अख्खा असे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक गोष्ट, आणि ती कुणी हातातून ओढून घ्यायचं नाही, कारण ती शेडमधली रद्दी नव्हती, वडिलांनी आणलेली वस्तू होती.

वेताळात तुला काय आवडायचं, असं मी दादाला मोठेपणी विचारलं. मला वाटलं होतं मारामारी म्हणेल, कवटीच्या अंगठीचा जबड्यावर उठणारा ठसा म्हणेल. तो म्हणाला, "बापाचं काम पोरगा पुढे चालवतो ना, ते."

खरंच की. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी बाप मारला, मुलाने शपथ घेतली, आणि तेव्हापासून प्रत्येक वेताळाचा मुलगा बाप गेला की तोच मुखवटा चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं एकच अमर माणूस आहे. आतल्या माणसाला माहीत असतं की आपण नुसते एक पाळी करतोय. नववीत असल्यापासून ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या मुलाने त्या गोष्टीत काय वाचलं असेल, हे मला त्या एका वाक्याने समजलं. जंगलाशी त्याला देणंघेणं नव्हतं. जबाबदारी म्हणजे काहीतरी भव्य असतं, तिला घोडा असतो, गुहा असते, वंशावळीची जाडजूड वही असते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. वेताळाने सांगितलं.

मॅक्क्लाउडचाच आणखी एक मुद्दा आहे. चेहरा जितक्या कमी रेषांचा, तितका वाचणारा त्यात सहज शिरतो. तपशील वाढले की तो दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा होतो. चिंटूच्या बाबतीत हे उघड दिसतं. पण वेताळाचा चेहरा पुन्हा नीट पाहा. शरीर स्नायूंसकट काढलेलं, झाडाचं पान न् पान रेखलेलं, आणि मुखवट्यातल्या डोळ्यांत बुबुळंच नाहीत. दोन पांढऱ्या चिरा. ग्रीक पुतळ्यांच्या डोळ्यांवरून हे सुचलं, असं फॉक सांगत. म्हणजे माझ्यासमोर एक रिकामा चेहरा होता आणि दादासमोरही एक रिकामाच चेहरा होता. मी एकात जाऊन बसले, तो दुसऱ्यात. मी थोरली मुलगी. धाकटीला सांभाळायचं, पाणी भरायचं, आईची पाळी असली की कुकर लावायचा. माझ्यावर जबाबदारी होतीच, मला ती काही वेळ खाली ठेवायला जागा हवी होती. दादालाही कामं होती, पण त्याला ती खाली ठेवायची नव्हती. त्याला तिचा मान हवा होता. 'हा दिवसभर खेळतो' हे वाक्य मी तक्रार म्हणून ऐकत आले. त्यात त्याची आपल्या कामाबद्दलची इभ्रत होती.

माझी धाकटी बहीण तिसऱ्याच चेहऱ्यापाशी थांबली. स्पर्धा परीक्षा देत असतानाच्या वर्षांत तिला 'पीनट्स' या इंग्रजी चित्रपट्टीतला चार्ली ब्राउन सापडला. चार्ल्स शुल्झ यांनी २ ऑक्टोबर १९५० पासून जवळजवळ पन्नास वर्षं ही पट्टी एकट्याने काढली. शेवटची पट्टी १३ फेब्रुवारी २०००ला छापून आली, आणि शुल्झ आदल्याच रात्री गेले. त्यातला तो गोल डोक्याचा मुलगा दरवर्षी धावत येऊन चेंडूला लाथ मारायला जातो आणि ल्यूसी दरवर्षी ऐन वेळी चेंडू काढून घेते. मला ते वाचवत नाही, जीव तुटतो. बहीण म्हणायची, तो पुढच्या वर्षी पुन्हा धावतो, ते बघ.

पंचवटीतली माझी एक मैत्रीण मात्र कुठल्याच चेहऱ्यात बसू शकली नाही. तिचं म्हणणं असं की या सगळ्या पट्ट्यांत खेळायचं कुणी तर मुलाने, आणि मुलीने मध्ये येऊन त्याला अडवायचं. मिनी घ्या, ल्यूसी घ्या. "मला आत यायला दारच ठेवलं नाही," ती म्हणाली होती. तिचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मी चिंटूतच शिरले, मिनीत नाही, याचा विचार मला तिच्यामुळे करावा लागला.

माझ्या लेकीची गोष्ट वेगळी. तिला मी सार्वजनिक वाचनालयातून चिंटूचा संग्रह आणून दिला. आपलं सावाना, १८४० सालचं. तिने अख्खं पुस्तक एका दुपारी संपवलं आणि म्हणाली, "सगळं सारखंच आहे." आहेच सारखं. रोजची पट्टी काढणाऱ्याला ठाऊक असतं की कालची पट्टी वाचणाऱ्याच्या डोक्यातून बरीचशी गेलेली आहे, मध्ये एक शाळा, एक जेवण, एक झोप झालेली आहे. त्या हिशेबाने तो विनोद पुन्हा पेरतो. काकूंची काच दर महिन्याला फुटते यात रोज वाचणाऱ्याला ओळखीचा आनंद असतो. सलग वाचणाऱ्याला तोच कंटाळा. पुस्तकात पट्ट्या सगळ्या जपल्या जातात, मधला दिवस तेवढा गळून जातो. म्हणून पुस्तकातून चिंटू भेटलेल्यांनी नाक मुरडलं तर मी त्यांच्याशी भांडत नाही.

कॅल्विन आणि हॉब्ज माझ्या आयुष्यात कॉलेजात आले, कॉलेज रोडवर राहणाऱ्या एका वर्गमैत्रिणीमुळे. बिल वॉटर्सन यांनी १८ नोव्हेंबर १९८५ ते ३१ डिसेंबर १९९५ अशी फक्त दहा वर्षं ही पट्टी काढली, बाहुल्या-कपड्यांवर छापायला ठाम नकार दिला, आणि ऐन भरात थांबले. सहा वर्षांचा कॅल्विन आणि त्याचा वाघ. मुलगा एकटा असला की वाघ बोलतो, चालतो, वाद घालतो. दुसरं कुणी चौकटीत आलं की कापसाचं खेळणं होऊन पडतो. त्यातलं खरं कोणतं, हे वॉटर्सनने कधी ठरवून दिलं नाही. कॅल्विनला वाघ एका तऱ्हेने दिसतो, बाकीच्यांना दुसऱ्या, आणि दोन्ही तितकंच खरं, अशी त्याची भूमिका होती. आवडीनिवडीवर इतकं नेमकं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. दादाच्या हातात माझी वही कापसाची होती. माझ्या हातात आली की ती बोलायची.

हे सगळं मी गेल्या गणपतीत आप्पांना सांगत होते. ते आता निवृत्त आहेत, पेपर अजूनही तसाच घड्या घालून वाचतात. मी म्हटलं, आपल्या दोघांना चिंटू आवडायचा तो असा. आप्पांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मला कुठे आवडायचा? तो फार आगाऊ होता. मी त्याच्या पप्पांचं वाचायचो. दमून घरी आलेला माणूस, नुसता पेपर वाचू द्या म्हणतो, आणि कुणी वाचू देत नाही."

मी बघतच राहिले. इतकी वर्षं एका पाटावर, एका पेपरावर, एकाच चार चौकटी, आणि आम्ही दोघं दोन वेगळ्या चेहऱ्यांत बसलो होतो. मग आठवायला लागलं. चिंटूच्या खोड्या ते भराभर वाचून टाकायचे. पप्पा सोफ्यावर टेकले की मात्र आवाज बदलायचा. नाकातला नाही, घोगरा नाही, त्यांचा स्वतःचा. मी त्याला कधी आवाजातला बदल समजलेच नाही.

मला तेव्हा कॅल्विनचे बाबा आठवले. मुलाने काही विचारलं की हा गृहस्थ अतिशय गंभीर चेहऱ्याने वाटेल ते उत्तर देतो. जुने फोटो काळे-पांढरे का असतात? तर तेव्हा जगच काळं-पांढरं होतं म्हणून. मी कपाटातून पुस्तक काढलं आणि आप्पांना ती पट्टी मराठीत सांगितली, शेवटच्या चौकटीआधी थोडी थांबले. ते खळखळून हसले. मग त्यांनी पुस्तक माझ्याकडून घेतलं. इंग्रजी त्यांना सावकाश, ओळीखाली बोट फिरवत वाचता येतं. बाबा असलेली पट्टी आली की ते थांबतात, अडलेला शब्द मला विचारतात, आणि पान दुमडून ठेवतात. वाघाची पानं आली की उलटून पुढे जातात.